जाई की जुई : गॅलरीत कोणती, कुंपणावर कोणती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर तुमची पश्चिमेकडची गॅलरी आहे आणि सासवडजवळ गावच्या घराला तारेचं कुंपण. मागच्या वर्षी नर्सरीतून एक जाई आणि एक जुई आणलीत. रोपांना चिठ्ठ्या नव्हत्या, त्यामुळे आता कुठली कोणती ते सांगता येत नाही. एकीला थोडीफार फुलं येतात. दुसरी दहा फूट वाढली, पण ऐन श्रावणातही कळी धरत नाही. गॅलरीत एकच ठेवायची आहे, दुसरी गावी न्यायची. तर कोणती कुठे, आणि दोघींत चांगली कोणती?

चांगली कोणती, यावर माणसं वासावरून भांडत बसतात. ते भांडण मजेचं असलं तरी त्यातून तुमची गॅलरी सुटणार नाही. दोन्ही एकाच प्रजातीतल्या (इंग्रजीत जीनस), म्हणजे जॅस्मिनममधल्या. मोगरा, कुंद आणि सह्याद्रीतली रानटी कुसर हीसुद्धा त्यांचीच भावंडं. फरक आहे तो वाढण्याच्या पद्धतीत आणि कळी कुठे धरते त्यात. बागा लावून देण्याच्या माझ्या कामात मी गिऱ्हाइकाला एकच सांगते : जाईला जागा द्या, जुईला कात्री द्या. बाकी ऊन, माती आणि पाणी तुमच्याकडे कसं आहे त्यावर अवलंबून आहे, आणि तिथे ठाम उत्तर देणाऱ्यावर जरा संशयच घ्यावा.

पण त्याआधी ओळख पटवू. फुलाची वाट बघू नका, पान पुरेसं आहे.

जाईचं पान संयुक्त असतं. एका देठावर समोरासमोर बारकी पानं, एकूण बहुधा सात ते नऊ, आणि टोकाला एक मोठं, लांब निमुळतं पान. टोकाच्या या पानाखालची जोडी बऱ्याचदा देठाला चिकटून असते, वेगळा देठ दिसत नाही. कोवळी फांदी हिरवी, गुळगुळीत, हाताला कंगोरे लागतील अशी. जुई वरवर पाहता एकेरी पानाची वाटते आणि इथेच बहुतेकजण फसतात. तिचं पान खरं तर तीन पानांचं असतं, पण बाजूची दोन इतकी बारीक की मधल्या मोठ्या पानाच्या बुडाशी दोन इवले कान चिकटवल्यासारखे दिसतात. काही पानांवर ते कानही गळून गेलेले असतात, म्हणून एकाच पानावरून निकाल देऊ नका, फांदीवरची पाच-सहा पानं उलटून पाहा. कोवळ्या फांद्यांवर आणि पानांवर बारीक मऊ लव असते, बोट फिरवलं की कळते.

फुलं आली असतील तर काम आणखी सोपं. जाईची कळी बाहेरून गुलाबी-जांभळट छटेची असते, फूल उमललं तरी पाकळीच्या पाठीवर ती छटा राहते. जुईची कळी पांढरी, बारीक. तिचं फूल जाईच्या जवळपास निम्मं, पण झुपक्यात भरपूर. जाईच्या झुपक्यात आणखी एक खूण असते. मधल्या फुलाचा देठ बाजूच्या फुलांपेक्षा आखूड असतो. ही खूण पाहायची वेळ सहसा येत नाही, पण तुम्ही कधी थंड हवेच्या ठिकाणच्या नर्सरीतून 'जाई' आणलीत तर उपयोगी पडेल. तिकडे जाईची सख्खी बहीण जॅस्मिनम ऑफिसिनाले मिळते, तिचीही पानं अशीच संयुक्त असतात. आपली जाई म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, लिनियसने १७६२ साली नाव दिलेली. जुई म्हणजे जॅस्मिनम ऑरिक्युलेटम, तिचं नाव १७९४ सालचं, वाह्ल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवलेलं. नर्सरीत 'चमेली' अशी पाटी दिसली तर ती जाई असण्याची शक्यता जास्त, पण पाटीवर भिस्त ठेवू नका. पान बघा.

आता वाढीकडे येऊ. दोन्हींना लोक वेल म्हणतात. पण द्राक्षाला असतात तसे तणावे यांना नसतात. लांब, लवचीक फांद्या टाकणारं झुडूप, हे दोन्हींचं खरं वर्णन. आधार मिळाला तर त्यावर रेलतात, नाही मिळाला तर जमिनीवर लोळतात. यात जाई जास्त उधळी. तिचा मूळ बुंधा थोडा उभा राहतो आणि मग कमानीसारख्या वाकणाऱ्या लांब फांद्या सुटतात. सुतळीने बांधून दिल्याशिवाय ती नीट चढत नाही, हे मांडवावर जाई चढवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जुईच्या फांद्या बारीक, गाठी जवळजवळ, फाटे लवकर फुटणारे. छाटत राहिलात तर कमरेएवढं दाट झुडूप सहज होतं.

इथे एक पुस्ती जोडायला हवी. तमिळनाडूत या दोन्हींची शेती होते. तिथे जुई मुल्लै म्हणून आणि जाई जातिमल्ली किंवा पिच्ची म्हणून विकली जाते. शेतात दोन्हींना दरवर्षी साधारण गुडघ्याएवढं छाटतात, त्यामुळे शेतात उभं राहून पाहिलं तर दोन्ही झुडपंच दिसतात. लागवडीचं अंतरही फार वेगळं नाही : जुई १.८ बाय १.८ मीटर, जाई २ बाय १.५ मीटर. म्हणजे वाढीतला फरक निसर्गाने ठेवलेला आहे, पण कात्रीने तो बराच पुसता येतो. घरी आपण छाटत नाही, जीव होत नाही, म्हणून तो फरक आपल्याला ठळक दिसतो. तुम्ही दरवर्षी निष्ठुरपणे छाटणार असाल तर जाईसुद्धा गॅलरीत राहील. छाटणार नसाल तर जुईसुद्धा तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत उतरेल.

आता तुमच्या न फुलणाऱ्या रोपाकडे. पानं भरपूर आणि कळी नाही, या तक्रारीमागे माझ्या अनुभवात तीन कारणं असतात आणि बहुतेक वेळा ती एकत्रच येतात.

पहिलं ऊन. दोन्हींना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतरचं ऊन येतं. उन्हाळ्यात ते पुरतं, पण पावसाळ्यात ढगांमुळे निम्मं होतं, आणि वरच्या मजल्याची गॅलरी पुढे आलेली असेल तर कुंडीवर जेमतेम दोन-तीन तास पडतं. अशा जागी दोन्ही झाडं उजेडाच्या शोधात लांब फांद्या फेकतात. दहा फूट वाढ हा जोम नाही, ती धडपड आहे. कुंडी कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, लोखंडी स्टँडवर उंच ठेवता येते का ते पाहा. स्टँड मात्र पक्का बांधून घ्या, खाली माणसं चालतात.

दुसरं खत. गॅलरीतल्या झाडांना दर पंधरा दिवसांनी युरिया किंवा नत्र जास्त असलेलं विद्राव्य खत देण्याची पद्धत पडली आहे. नत्राने पानं हिरवीगार होतात, बघायला बरं वाटतं आणि कळ्या लांबतात. पावसाळा सुरू झाला की मी नत्र बंद करते. छाटणीनंतर एकदा आणि जूनच्या आगेमागे एकदा, असं वर्षातून दोनदा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, सोबत मूठभर हाडांचा चुरा आणि लाकडाची थोडी राख. कुंडीला एवढं पुरे. ज्यांचं पाणी क्षारयुक्त आहे त्यांनी राखही टाळावी, त्याचं कारण मातीच्या मुद्द्यात येईल.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं कारण छाटणी. जाई काय, जुई काय, फूल नव्या फुटीवर येतं. गेल्या वर्षीची जुनी फांदी तुम्ही कितीही जपली तरी तिच्यावर थेट फूल येणार नाही, तिच्यातून जी नवी फूट निघेल तिच्यावर येईल. म्हणून छाटणी केली नाही तर झाड म्हातारं होत जातं, टोकाला चार पानं आणि खाली काटक्या. चुकीच्या वेळी केली तर त्याहून वाईट, कारण तयार होत असलेली कळी तुमच्या कात्रीत जाते. पावसाळ्यात 'फारच माजलंय' म्हणून जाईचे शेंडे कापणारे खूप लोक आहेत. जाईची कळी प्रामुख्याने त्या शेंड्यांवरच येणार होती.

मग वेळ कोणती? तमिळनाडूतल्या लागवडीत जाईची छाटणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुईची जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात करतात. मोगऱ्याची त्याआधी, नोव्हेंबरअखेर. पुण्याची थंडी तिकडच्यापेक्षा जास्त रेंगाळते, म्हणून मी जाई संक्रांतीच्या सुमाराला आणि जुई फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घेते. कोकणात आणि मुंबईत तमिळनाडूचं वेळापत्रक जवळपास जसंच्या तसं चालतं. छाटणीआधी दोन आठवडे पाणी कमी करायचं, झाड थोडं झोपू द्यायचं. मग मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या आधी काढायच्या.

कुंडीतली जुई मी सरळ ४५ ते ५० सेंटिमीटरवर आणते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धस्स होतं, पण मार्चमध्ये ती गच्च फुटते. त्यानंतर प्रत्येक बहर ओसरला की सुकलेल्या झुपक्यांखालची दोन-तीन पेरं उडवायची, म्हणजे नवे फाटे येतात आणि पुढचा बहर दाट येतो. जुईला ही अधूनमधूनची कात्री मानवते. कुंपणावरच्या जाईला मात्र मी एवढी खाली आणत नाही. तिचे जाड, मुख्य चार-पाच दांडे तारेवर पसरवून कायम ठेवते आणि त्यांवरून निघालेल्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे, म्हणजे नवी फूट निघायच्या जागा, ठेवून कापते. एकदा ही छाटणी झाली, नवी फूट हातभर झाली, की पुढे दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाही. फक्त बांधत जायचं.

नीट छाटलेली जुई उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होते आणि लाटेलाटेने पावसाळाभर, कधी दिवाळीपर्यंत फुलत राहते. जाई खरी खुलते ती पावसात. थंडीत दोन्ही जवळजवळ मुक्या. तुम्हाला वैशाखातही गॅलरीत फुलं हवी असतील तर जुईचं पारडं इथे थोडं जड होतं, पण वैशाखाचा राजा मोगराच, त्याची बरोबरी दोघींपैकी कोणीच करत नाही.

माती आणि पाणी यांवर फार वेळ घालवत नाही, एक गोष्ट सोडून. सासवड भागात चुनखडीची, विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची, अल्कलाइन) माती आणि विहिरीचं जड पाणी सर्रास आढळतं. अशा जागी दोन्हींची, विशेषतः जाईची, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाणी घालतात. ती लोहाची कमतरता असते. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि अशा मातीत राख टाकायची नाही, ती विम्ल वाढवते. कुंडीसाठी दोन वाटे लाल माती, एक वाटा शेणखत, एक वाटा जाड वाळू किंवा कोकोपीट. पाणी साचलं की दोन्ही रुसतात. कोरड पडली तर जुई जास्त तग धरते, ती मुळात दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातही रुळलेली आहे.

कीड-रोगांतही दोघींच्या तऱ्हा वेगळ्या. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून सुकायला लागल्या की कळीमाशीचा संशय घ्यायचा, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. तो नियम जाईला लावू नका, तिची कळी निरोगी असतानाच गुलाबी-जांभळी असते. अशी कीड नसलेल्या जाईवर औषध मारून आलेली माणसं मला दरवर्षी भेटतात. कळीला भोक आणि आत हिरवट अळी दिसली तर मात्र ती कळी पोखरणारी अळी. घरच्या एका झाडावर भोकाच्या कळ्या रोज तोडून बाहेर टाकणं आणि निंबोळी अर्क फवारणं एवढं पुरतं. जुईवर वेगळीच पीडा येते. पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पांढरी लोकरीसारखी दाट लव चढते, पानं वेडीवाकडी होतात. बुरशी वाटते, पण ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीचं (इंग्रजीत माइट) काम असतं. तेवढ्या फांद्या कापून जाळा आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा, भर उन्हात नाही. जुईची स्वतःची लव आणि ही लोकर यांत गल्लत करू नका. पहिली बोटाला लागते, दुसरी लांबून दिसते. कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने निवडलेला जुईचा 'परी मुल्लै' हा वाण या कोळ्याला दाद देत नाही असं मानलं जातं, पण आपल्याकडच्या नर्सऱ्यांत वाणाचं नाव सांगून जुई विकणारा विरळा.

वासाबद्दल शेवटी बोलतेच, कारण तुम्ही विचारलं आहे. जाईचा वास जड, गोड आणि लांबवर जाणारा. अत्तराच्या धंद्यात जाईला मोठा मान आहे, फ्रान्समधलं ग्रास गाव तिच्यासाठी ओळखलं जातं. तिथे आणि आपल्या दक्षिणेतही फुलं पहाटे, ऊन चढायच्या आत खुडतात, कारण दिवस वर आला की सुगंधी द्रव्यं उडायला लागतात. किलोभर फुलांसाठी साधारण ८ ते १० हजार फुलं खुडावी लागतात, त्यावरून अत्तर महाग का ते कळावं. जुईचा वास हलका, थोडा हिरवट, जवळ गेल्यावर कळणारा. बंद गॅलरी आणि तिला लागून झोपायची खोली असेल तर रात्री जाईचा वास काहींना डोक्यात जातो. मला स्वतःला गजऱ्यात जुई आवडते आणि अंगणात जाई. हे मत आहे, नियम नव्हे.

तर तुमच्यासाठी : गॅलरीत जुई, १२ ते १४ इंची कुंडीत, दरवर्षी फेब्रुवारीत छाटून. सासवडच्या कुंपणावर जाई. कळी न धरणारं दहा फुटी रोप बहुधा जाईच आहे, पण सावलीतली जुईसुद्धा अशी ताडमाड होते, म्हणून आजच पान पाहून खात्री करा. ती जुई निघाली तर आत्ता कापू नका. उजेडात सरकवा, नत्र थांबवा, सप्टेंबरात चार कळ्या आल्या तर आनंद माना आणि फेब्रुवारीत कात्री लावा.

ती जाई निघाली तर याच महिन्यात गावी न्या, पावसाचे अजून काही आठवडे हाताशी आहेत, मुळं धरतील. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात एक घमेलं शेणखत, आणि वाहून जाणाऱ्या पाण्याला वाट. एरवी मी पावसाळ्यात जाईला कापू देत नाही, पण नेताना दहा फुटी फांद्या गाडीत मावत नाहीत हे मान्य, आणि यंदा तिच्यावर कळी तशीही नाही. तरी सगळ्या कापू नका. तीन-चार लांब फांद्या सैल गुंडाळून न्या. झाड लावल्यावर त्या कुंपणालगत जमिनीवर आडव्या टाका, मधल्या एका पेराखाली साल किंचित खरवडून तिथे ओंजळभर माती आणि वर दगड ठेवा, शेंडा तारेला बांधा. हे दाब कलम. उन्हाळ्यात तेवढी जागा ओली ठेवलीत तर पुढच्या पावसाळ्याला प्रत्येक दगडाखाली मुळं फुटलेली असतील. मग ती मूळ झाडापासून तोडायचीही गरज नाही, जागच्या जागी राहू द्या. एका रोपात वीस-पंचवीस फुटांचं कुंपण झाकायला सुरुवात होते.